गेम विकत घ्यायचा, थांबायचं की क्रॅक उतरवायचा?

नवा गेम हवा आहे, किंमत जड वाटते, आणि क्रॅक्ड कॉपी, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण तोडून फुकट वाटलेली प्रत, दोन क्लिकवर आहे. यावरची चर्चा बहुतेक वेळा ‘पायरसी म्हणजे चोरी’ आणि ‘कंपन्याच लुटतात’ या दोन टोकांना जाऊन अडकते. ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून इथे सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले आहेत. कायद्यात बसतं का? ज्यांनी गेम बनवला त्यांच्याशी आपण नीट वागतो आहोत का? आणि पाच-सात वर्षांनी हा गेम आपल्याला खेळता येईल का? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

कुलूप लावलेली खरेदी

मोठ्या ऑनलाइन स्टोअरवर पैसे भरले की हातात पडतो तो वापराचा परवाना. पूर्वी ही गोष्ट अटींच्या लांबलचक मजकुरात दडलेली असायची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानं विक्रेत्यांना हे उघड सांगणं भाग पाडलं. स्टीम या ऑनलाइन गेम-स्टोअरनं त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना टाकली.

परवाना म्हणजे नेमकं काय, हे युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’नं दाखवून दिलं. २०१४ मध्ये आलेला हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि गेम संपला. पुढे लोकांच्या खात्यांमधून त्याचे परवानेही काढून घेतले गेले. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक-याचिकेनं दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे: दुकान बंद करा, पण विकलेला गेम चालू राहील अशी सोय करून जा. मी या मागणीच्या बाजूनं आहे.

तरी सगळी कुलपं, म्हणजे गेमची कॉपी आणि वापर रोखणारी संरक्षणं (डीआरएम), एकाच तराजूत तोलू नयेत. स्टीमचं स्वतःचं संरक्षण हलकं आहे आणि ते वापरायचं की नाही हे प्रकाशक ठरवतो. स्टीमवरचे काही गेम तर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तरी स्टीमचं अॅप सुरू न करता चालतात. डेनुव्हो त्याहून जड. २०१४ मध्ये ‘फिफा १५’पासून दिसू लागलेलं हे तंत्र गेमच्या मूळ कोडमध्येच गुंफलेलं असतं. गेम पहिल्यांदा सुरू करताना, आणि संगणकात मोठा बदल केला तर पुन्हा, इंटरनेटवरून परवानगी यावी लागते. सगळ्यात जाचक प्रकार सतत ऑनलाइन राहण्याच्या सक्तीचा. ‘सिमसिटी’ मार्च २०१३ मध्ये आला तेव्हा सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक रांगेत ताटकळले. ऑफलाइन खेळण्याची सोय मिळायला मार्च २०१४ उजाडला. त्याआधी, २००८ मध्ये, ‘स्पोर’नं एका खरेदीवर फक्त तीनदा अॅक्टिव्हेशन देऊ केलं होतं. ग्राहकांनी अॅमेझॉनवर एक ताऱ्याच्या परीक्षणांचा पाऊस पाडला, आणि तो गेम पायरेट मात्र जोरात झाला.

गेम अडखळायला लागला की खोट सगळ्यात जास्त सलते. २०२१ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’च्या पीसी आवृत्तीत शत्रूवर गोळी झाडली की चित्र क्षणभर गचका खायचं. क्रॅक निघाला आणि त्यात तो गचका नव्हता. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमनं जुलैमध्ये पॅच (दुरुस्तीची फाइल) काढून पायरसीविरोधी यंत्रणेत सुधारणा केली, तेव्हा कुठे पैसे भरलेल्यांना फुकट्यांइतका चांगला गेम मिळाला. पैसे देणाऱ्याच्या वाट्याला वाईट प्रत यावी हा अन्यायच आहे, आणि असं संरक्षण ज्यांनी लावलं त्यांनी तो मान्य करायला हवा.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. डेनुव्हो असलेल्या गेमच्या कमाईवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की क्रॅक पहिल्याच आठवड्यात निघाला तर सरासरी सुमारे २० टक्के महसूल जातो, आणि बारा आठवड्यांनंतर निघाला तर नुकसान जवळपास शून्य. माझ्यासाठी हा आकडा दोन्हीकडे कापतो. सुरुवातीच्या महिन्यांत कुलूप लावण्यामागे खरं कारण आहे. तीन महिने उलटल्यावर ते तसंच ठेवायला मात्र कारण उरत नाही. काही प्रकाशक नंतर डेनुव्हो काढून टाकतात, आणि जे काढतात त्यांचा गेम मी उशिरा का होईना, आनंदानं घेतो.

कुलूप नसलेली खरेदी

२००८ पासून चालू असलेलं जीओजी हे स्टोअर कुलूप न लावण्याच्या तत्त्वावरच उभं आहे. इथे गेमची इन्स्टॉलर फाइल उतरवता येते. मोठा गेम असेल तर एक सेटअप आणि त्यासोबत डेटाच्या काही जाडजूड फाइल्स मिळतात. त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकून ठेवल्या, इंटरनेट काढून टाकलं आणि दुसऱ्या संगणकावर सेटअप चालवला, तरी गेम बसतो आणि सुरू होतो. स्टोअर उद्या बंद पडलं तरी तुमच्या डिस्कवरच्या फाइल्सना काही होत नाही. ‘द विचर ३’ २०१५ मध्ये जीओजीवर पहिल्या दिवसापासून असाच, कुलपाविना आला आणि अफाट खपला. संरक्षणाशिवाय मोठा गेम विकला जाऊच शकत नाही, हा दावा तिथे खोटा ठरला.

कायद्याच्या दृष्टीनं हाही परवानाच आहे. मित्रांना प्रती वाटण्याची मुभा त्यात नाही. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की इथे विक्रेता तुमच्यावर विश्वास टाकतो. उणिवा म्हणाल तर अनेक मोठे नवे गेम इथे येतच नाहीत किंवा वर्षांनी येतात, आणि ऑनलाइन मल्टिप्लेअरसाठी अनेकदा स्टोअरचं अॅप (लाँचर) लागतं. तुम्ही मुख्यतः एकट्यानं, कथाप्रधान गेम खेळत असाल तर पहिली चक्कर इथेच मारा.

मासिक वर्गणी आणि स्वस्तातल्या की

एक्सबॉक्स गेम पाससारखी वर्गणी हे उघड उघड भाडं आहे. गेम यादीतून गेला की तुमच्याकडूनही गेला. पण तसं आधीच सांगितलेलं असतं, त्यामुळे यात फसवणूक नाही. एकदा खेळून बाजूला ठेवायच्या गेमसाठी हा चांगला मार्ग आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे सरळ ‘नाही’ असं आहे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

त्रयस्थ बाजारात मिळणाऱ्या अर्ध्या किमतीच्या ‘की’ (गेम आपल्या खात्यात सुरू करायचे कोड) मात्र दिसतात तितक्या निरुपद्रवी नाहीत. ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरच्या तक्रारीनंतर जी२ए या बाजारानं २०२० मध्ये मान्य केलं की त्यांच्या गेमच्या १९८ चोरीच्या की तिथे विकल्या गेल्या होत्या, आणि भरपाईपोटी सुमारे ४० हजार डॉलर दिले. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर की घेतली जाते, ती विकली जाते, मग कार्डाचा खरा मालक बँकेकडून पैसे परत मिळवतो आणि तो भुर्दंड डेव्हलपरवर पडतो. त्याला किमतीइतकंही मिळत नाही आणि वर दंड बसतो. २०१९ मध्ये काही इंडी, म्हणजे लहान स्वतंत्र, डेव्हलपरांनी जाहीरपणे सांगितलं होतं की अशा की घेण्यापेक्षा आमचा गेम पायरेट केलात तर बरं. ज्याला सचोटीनं वागायचं आहे त्यानं हा पर्याय यादीतून काढून टाकावा.

क्रॅक

आता मुख्य मुद्दा. विक्रीला असलेल्या गेमची क्रॅक्ड कॉपी घेणं जवळपास सगळीकडे बेकायदा आहे. टॉरेंटनं घेतली तर भर पडते, कारण उतरवताना तुम्ही तिचे तुकडे इतरांना वाटतही असता. म्हणजे कायद्याच्या भाषेत नुसती प्रत घेतली असं राहत नाही, वितरणही होतं.

‘मी तसाही विकत घेणार नव्हतो, मग कोणाचं काय गेलं?’ हा युक्तिवाद मी झटकून टाकत नाही. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. युरोपीय आयोगानं करवून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये समोर आलेल्या एका अभ्यासालाही पायरसीमुळे गेमची विक्री घटते याचा ठोस पुरावा सापडला नव्हता. पण सरासरीच्या आकड्यामागे लहान टीम दिसत नाही. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या स्टुडिओनं ‘गेम डेव्ह टायकून’ची एक वेगळी प्रत स्वतःच टॉरेंटवर सोडली. गेममध्ये तुम्ही गेम बनवणारी कंपनी चालवता. त्या प्रतीत तुमची कंपनी पायरसीमुळे हळूहळू बुडत जाते. पहिल्या दिवसाच्या हिशेबात खेळणाऱ्यांपैकी ९३.६ टक्के लोक पायरेटेड प्रतीवर होते. विकत घेणारे होते २१४. आणि फुकट प्रत घेतलेले काही जण मदत मागत होते की पायरसी कशी थांबवायची. विशेष म्हणजे त्या गेमला डीआरएम नव्हतंच. कुलूप आहे म्हणून तोडलं, हे कारण तिथे देता येत नव्हतं. जिथे बनवणाऱ्यानं विश्वास टाकला, किंमतही माफक ठेवली, तिथे फुकट घेणं मला सरळ चुकीचं वाटतं.

धोक्याचा भाग लोक हलक्यात घेतात. २०२१ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीनं ‘क्रॅकोनॉश’ नावाचं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) उघड केलं. लोकप्रिय गेमच्या क्रॅक्ड प्रतींसोबत ते २ लाख २२ हजारांहून जास्त संगणकांत शिरलं होतं. ते संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायला लावायचं, कारण तिथे अँटीव्हायरस चालत नाही, आणि मग अँटीव्हायरसच काढून टाकायचं. वर विंडोज सिक्युरिटीच्या जागी हिरव्या खुणेचं खोटं चिन्हही बसवायचं. सगळं ठीक आहे असं दिसत राहायचं आणि आत कोणासाठी तरी मोनेरो हे आभासी चलन तयार होत असायचं. ‘अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा, ती खोटी धोक्याची सूचना आहे’ ही क्रॅकसोबतची नेहमीची ओळ वाचताना हे आठवावं.

विकत घेतलेल्याचं कुलूप तोडलं तर?

इथे नीती आणि कायदा यांची फारकत होते. पैसे दिलेत, गेम तुमच्या डिस्कवर आहे, सर्व्हर कायमचा बंद झालाय. अशा वेळी कुलूप उघडणाऱ्याला मी दोष देणार नाही. कायद्याचं उत्तर मात्र देशागणिक बदलतं. १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कॉपीराइट करारानं सदस्य देशांना संरक्षण भेदण्याविरुद्ध तरतूद करायला सांगितली. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानं ती कडक केली: वापर रोखणारं कुलूप तोडणं हाच स्वतंत्र कायदेभंग. सवलती दर तीन वर्षांनी ठरतात. २०१५ मध्ये ओळख-तपासणीचा सर्व्हर बंद पडलेल्या गेमला स्वतःपुरता खेळण्यासाठी अशी सवलत मिळाली. युरोपीय न्यायालयानं २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या प्रकरणात म्हटलं की संरक्षणही प्रमाणात असायला हवं. भारताच्या कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ हक्कभंगाचा हेतू असेल तरच लागू होतं. मला हा हेतूचा निकष सगळ्यात न्याय्य वाटतो.

जुन्या गेमची गोष्ट याहून अवघड. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेले ८७ टक्के गेम आज बाजारात मिळतच नाहीत. ‘अॅबँडनवेअर’, म्हणजे मालकानं विकणं सोडून दिलेलं सॉफ्टवेअर, असा कोणताही वर्ग कायद्यात नाही. कंपनीच्या नावावर १९९५ मध्ये आलेला गेम अमेरिकेत कॉपीराइटमधून मुक्त व्हायला २०९१ साल उजाडेल. एम्युलेटर, म्हणजे एका यंत्राचे गेम दुसऱ्यावर चालवणारं सॉफ्टवेअर, साधन म्हणून वैध ठरू शकतं. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० मध्ये तसा निकाल आहे. पण २०२४ मध्ये यूझू या एम्युलेटरच्या निर्मात्यांना निन्टेन्डोशी तडजोड करताना २४ लाख डॉलर मान्य करावे लागले. तिथे वादाचं मूळ विक्रीत असलेल्या कन्सोलचं संरक्षण भेदण्यात होतं. जो गेम पैसे देऊनही कुठेच मिळत नाही त्याची प्रत जपणाऱ्यांनी संस्कृतीचं काम केलं असं मी मानतो, आणि कायद्यानं त्यांना संरक्षण द्यायला हवं. आज ते नाही, हे जाणूनच पाऊल टाकावं.

आता ठरवताना

गेम कुलपाविना मिळत असेल तर तिथेच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. लहान टीमचा असेल तर किंमत उतरेपर्यंत थांबा किंवा पूर्ण किमतीला घ्या, पण क्रॅक नको. मोठ्या कंपनीचा डेनुव्हो असलेला असेल तर वर्षभर थांबण्यात तुमचं काही जात नाही. पॅच आलेले असतात, किंमत खाली आलेली असते, कधी कुलूपही गेलेलं असतं. एकट्याच्या खेळालाही कायम ऑनलाइन राहायची सक्ती असेल तर तो भाड्याचा समजून भाड्याइतकेच पैसे टाका. आवडेल की नाही हीच शंका असेल तर त्यासाठी क्रॅक लागत नाही: स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, जीओजीवर ३० दिवसांची मुदत आहे. पैसे भरण्याआधी स्टीमच्या पानावर उजव्या बाजूची माहितीची पट्टी वाचा. त्रयस्थ डीआरएम, वेगळं खातं काढायची सक्ती, या गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात.