सवाई: मंडपात की पडद्यावर?

भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव मंडपात ऐकायचा, तर डिसेंबरची थंडी, भारतीय बैठक आणि मागच्या जाणकारांची शेरेबाजी सोसावी लागते. पण विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत राग फुलवत नेणारं गाणं, तिथेच उलगडतो. गायक तंबोरे जुळवायला हवा तेवढा वेळ घेतो. दाद आली की तीच जागा, म्हणजे तोच सुरांचा तुकडा, वेगळ्या अंगाने पुन्हा घेतो. टीव्हीच्या ठरलेल्या वेळेत बसवताना नेमकी यालाच कात्री लागते. मात्र तबलजीची बोटं, सतारीची मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जाणं) कॅमेरा जितक्या जवळून दाखवतो, तितकी पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. म्हणून वादनाला मला पडदा चालेल, ख्यालाला नाही. (मध्यंतरातल्या बटाटेवड्याचा हिशेब यात धरलेला नाही.)