तेरा वसाहतींचा खोका: खेळ चांगला, चहाचा पत्ता चुकलेला

जळगाव-धुळ्याकडच्या शालेय साहित्याच्या दुकानांत हा खोका साडेसहाशे रुपयांना मिळतो. १७६४ ते १७७६ या बारा वर्षांत इंग्लंडच्या कायद्यांनी आणि करांनी अमेरिकेतल्या वसाहती स्वातंत्र्याच्या मागणीपर्यंत कशा आल्या, ते वर्गात खेळून दाखवायचं. आत फ्लेक्सचा पट, ७२ पत्ते, दीडशे प्लास्टिकची नाणी, एक फासा, रबरी शिक्का, शाईचा पॅड, चिठ्ठ्यांची वही आणि १६ पानी पुस्तिका. घ्यावा का? घ्यावा, पण एक नियम आणि एक पत्ता बदलूनच वर्गात न्यावा.

मांडणी सोपी आहे. पन्नास-साठ मुलांचे सहा गट पाडायचे: पाच वसाहतींचे, एक लंडनचा. दर फेरीला लंडन कायद्याचा एक पत्ता उलटतो. वसाहती नाणी भरतात, नाहीतर नकार देतात. रोषाचे गुण पटावर चढत जातात आणि चाळीस झाले की स्वातंत्र्याचा जाहीरनामा. पुस्तिका म्हणते, एका तासिकेत संपतो. नाही संपत. मांडायलाच दहा मिनिटं जातात. सलग दोन तासिका घ्या, पहिली १७६६ मध्ये लंडन स्टँपचा कायदा मागे घेतं तिथे थांबवा, दुसरी १७६७ पासून सुरू करा.

स्टँपची फेरी सगळ्यात रंगते. २२ मार्च १७६५ ला मंजूर झालेला हा कायदा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. दस्त, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगासारखी वार्षिकं, सगळ्यावर मुद्रांक. खेळात प्रत्येक गटाला आपला प्रत्येक कागद लंडनच्या टेबलावर नेऊन शिक्का मारून आणावा लागतो, तिथे रांग लागते, आणि मुलं दोन मिनिटांत वैतागतात. तहसील कचेरीबाहेर स्टँप व्हेंडरकडे उभं राहिलेल्या कुणालाही हा वैताग समजावून सांगावा लागणार नाही. पुस्तिकेत नसलेली एक गंमत: त्या कायद्यात पत्त्यांच्या एका जोडावर एक शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग कर होता. म्हणजे खोक्यातल्या फाशालाही शिक्का लागतो! फेरी सुरू होताच लंडनने फासा जप्त करावा, वर्ग पेटतो. या फेरीत पॅड मात्र दगा देतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो आठवडाभरात कोरडा पडतो. शिक्क्याचीच शाई थेंब-थेंब सोडा. पेनाची शाई घातली तर ठसा पसरतो आणि पत्ते खराब होतात.

आता मुख्य दोष. रोषाचे गुण पुस्तिका नाण्यांवर मोजते: जितकी नाणी घेतली, तितका रोष. मग हुशार लंडन काय करतं? कर कमी ठेवतं आणि जिंकतं. प्रत्यक्षात झालं उलट. वसाहतींवरचा कराचा बोजा खुद्द इंग्लंडमधल्या माणसापेक्षा हलकाच होता. भांडण होतं कर बसवायचा अधिकार कुणाचा, यावर. व्हर्जिनियात १६१९ पासून निवडून आलेली सभा होती, इतर वसाहतींनाही आपापल्या सभा होत्या, आणि अंतर्गत कर त्याच बसवत आल्या होत्या. लंडनच्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही सभासद नव्हता. शिवाय स्टँपचा कायदा मोडणाऱ्यावर ज्युरी नसलेल्या आरमारी न्यायालयात खटला चालवता येई. १७६६ मध्ये कायदा रद्द झाला, पण त्याच दिवशी, १८ मार्चला, पार्लमेंटने दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा अधिकार आमचाच. खोक्यात या पत्त्याला रोष शून्य दिलाय, कारण त्यात नाणी जात नाहीत! तिथेच खेळ घसरतो.

दुरुस्ती अशी करा. पटाच्या कडेला खडूने दोन रकाने आखा: 'किती घेतलं' आणि 'विचारलं का'. पहिल्या रकान्यातल्या दर पाच नाण्यांना एक गुण. दुसऱ्यात उत्तर 'नाही' आलं की सरळ चार. खटला ज्युरीशिवाय, सभा बरखास्त, बंदर बंद, अशा प्रत्येक गोष्टीला आणखी तीन. 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' ही घोषणा पुस्तिकेत जड मराठीत छापली आहे, ती मुलांच्या तोंडी बसत नाही. अहिराणीत 'आमले इचारं का?' म्हणा, पाठ करून घ्यावी लागत नाही.

चुकलेला पत्ता १७७३ चा. त्यावर लिहिलंय, 'चहा महाग झाला'. चहा स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीकडे माल पडून होता, ती कर्जात होती, म्हणून तिला थेट वसाहतींत चहा विकायची सवलत मिळाली. चोरट्या डच चहाशी टक्कर देईल इतका भाव उतरला, पण १७६७ पासूनचा, पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर तसाच राहिला. स्वस्त चहा घेणं म्हणजे तो कर मान्य करणं. म्हणून १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. पत्त्यावर कागद चिकटवून भाव खाली आणा, कराचा आकडा ठेवा, आणि गटाला ठरवू द्या की घ्यायचा की नाही. यावर होणारा वाद या खोक्यातला सगळ्यात मोलाचा. दहा मिनिटं राखून ठेवा. याच कंपनीने पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १८१८ मध्ये, खानदेश घेतला, हेही इथेच सांगून टाकावं.

जहाजाचा नियम मात्र झकास जमलाय. वसाहतीची चिठ्ठी लंडनला एका फेरीनंतर पोचते, उत्तर आणखी एका फेरीनंतर. तोवर गाडी पुढे गेलेली असते. हे कृत्रिम वाटलं तर ५ मार्च १७७० ची तारीख फळ्यावर लिहा. त्या दिवशी बोस्टनमध्ये सैनिकांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान नॉर्थ चहा सोडून बाकीचे कर मागे घ्यायचा ठराव मांडत होते. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. आणि वसाहतींतली पत्रव्यवहार समिती, म्हणजे एकमेकांना पत्रं लिहून बातमी कळवायची सोय, १७७२ पासूनची असली तरी खोका तिला पहिल्या फेरीपासून चालू ठेवतो. तिच्या चिठ्ठ्या त्या साली पोचेपर्यंत बंद ठेवा, म्हणजे आधी एकेकटं लढायची अडचण कळते.

१७७४ चे पत्ते ठीक आहेत: बोस्टन बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सच्या सभेचे अधिकार काढले, सैनिकांची सोय करा. फक्त त्याच साली फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या एकत्र सभेला तेराही वसाहती बसवल्यात. आल्या बारा, जॉर्जिया नव्हती. एका गटाला ती फेरी बाहेर बसवा.

पुस्तिकेच्या शेवटी 'आपल्याकडे' म्हणून एक पान आहे, त्यात १८५२ चा खानदेशातला जमीन मोजणीचा विरोध अमेरिकेच्या रांगेत ठेवलाय. हे जुळत नाही. सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी नव्या मोजणीने सारा वाढेल या भीतीने उठले. त्यांच्या हाती ना सभा होती, ना दुसऱ्या जिल्ह्याला लिहायची सोय. सरकारने फौज आणून तो मोडला. हवं असेल तर कराची एखादी फेरी सभा आणि चिठ्ठ्या काढून घेऊन पुन्हा खेळवा, कर तोच ठेवा. रोष चढतो, पण एका टेबलावरच राहतो. फैजपूरचं नाव १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनालाही येतं, ते वेगळ्या तासिकेला ठेवा.

माल बेताचा आहे. फ्लेक्सचा पट गुंडाळून ठेवला की उन्हात वळतो, सपाट राहत नाही. घडी न घालता पुठ्ठ्याखाली ठेवा. पत्त्यांना लॅमिनेशन नाही, शहरात करून घेतलं तर शिक्क्याची शाई पुसता येते. नाणी शंभरच्या हिशेबात छापलीत. जुना इंग्रजी हिशेब बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड असा होता, त्यामुळे तीन पेन्सचा कर मांडता येत नाही. बारा नाण्यांची जुडी रबराने बांधून तिला शिलिंग म्हणा, आणि घरी आजीला बारा पैंचा आणा विचारून यायला सांगा.