पार्करचा सोलो: कानाने उतरवायचा की नोटेशनवरून?

सोलापुरात सॅक्सोफोन वाजतो तो बहुधा वरातीच्या बँडमध्ये, आणि तिथे गाणी कानानेच बसवतात. तरी जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा 1945च्या ‘को-को’मधला सोलो (एकट्याने वाजवलेला भाग) ऐकला की पहिला प्रश्न येतो, ‘नोटेशन मिळेल का?’

मिळतं, आणि उपयोगीही आहे. मिनिटाला 300च्या आसपास ठोके पडत असताना निसटलेला सूर कागदावर सापडतो. आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेलं असेल तर, हे वाद्य ई-फ्लॅट पट्टीचं असल्याने, सूर बदलून घ्यायचं गणितही वाचतं.

पण कुठला सूर अर्धा गिळलाय, जीभ कुठे लागली, लय किती मागे रेललीय, हे कागदावर नीट उतरत नाही. त्यासाठी कानच हवा. पूर्वी मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 16च्या वेगावर लावायचे. सूर सप्तकभर खाली यायचे. आता मोबाइलवर वेग निम्मा केला तरी पट्टी तीच राहते. छोटा तुकडा घ्या, आधी गा, मग वाजवा. गाता येत नसेल तर बोटं नुसतीच पळतात.

माझं मत कानाच्या बाजूने. कागद अडलेल्या जागेपुरता. छापीलातही चुका असतातच. आणि हो, मे महिन्यात पारा 40च्या वर गेला की सॅक्सचे सूर थोडे चढतात. रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना माउथपीस (तोंडात धरायचा भाग) जरा बाहेर ओढा, सूर खाली येतात.