पीएलबी, सॅटेलाइट मेसेंजर की नुसता फोन? आउटबॅकमध्ये एकटं धावायला निघण्याआधी

आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला, जवळपास निर्मनुष्य भाग. तिथल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या जुन्या टेलिग्राफ स्टेशनपासून निघणारी लारापिंटा ट्रेल ही पायवाट 220 किलोमीटरहून लांब, पश्चिमेला थेट माउंट साँडरपर्यंत जाते. बहुतेक वाटेवर फोनला रेंज नाही. एखाद्या धारेवर दोन दांड्या दिसतात, खाली घळीत उतरलं की त्याही गेल्या. इथे पडलो तर कुणाला कळणार कसं? बाजारात याला तीन उत्तरं आहेत.

पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, मुठीत मावतो आणि वजनाला साधारण 120 ते 150 ग्रॅम. अँटेना उघडायची, बटण दाबायचं, झालं. 406 मेगाहर्ट्झचा संकेत कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय बचाव यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्रात पोहोचतो आणि किमान 24 तास जात राहतो. हेलिकॉप्टरला नेमक्या जागी आणायला 121.5 मेगाहर्ट्झचा वेगळा संकेत असतो. चार्जिंग नाही, महिन्याची वर्गणी नाही, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. तिची मुदत मात्र पाठीवर छापलेली असते, ती कुणी वाचत नाही. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे नोंदणी फुकट होते. संकेत आला की नोंदवलेल्या नंबरवर फोन जातो, म्हणून तिथे घरच्यांचा नंबर द्या आणि आज कुठे धावणार आहात हे त्यांना सांगून ठेवा.

पीएलबीची उणीव एकच, पण मोठी. तो मुका आहे. साप चावला की पाय मोडला, हे त्याला सांगता येत नाही.

गार्मिन इनरीचसारखा मेसेंजर बोलतो. इरिडियमच्या उपग्रहांवरून दोन्ही बाजूंनी मजकूर येतो-जातो. सर्पदंशात याचा फार उपयोग: क्रेप बँडेज घट्ट गुंडाळून पाय आधाराने स्थिर करायचा, हलायचं नाही, आणि पडल्यापडल्या नेमकं काय झालंय ते कळवायचं. पण मला तो आवडतो तो साध्या गोष्टींसाठी. माझे स्वतःचे बहुतेक घोटाळे एसओएसच्या लायकीचे नव्हतेच. घोटा मुरगळला, वाट चुकली, दोन तास उशीर झाला. अशा वेळी ‘ठीक आहे, चालत येतोय’ एवढे चार शब्द घरी पोहोचले की कुणी पोलिसांना उठवत नाही. पीएलबीवाल्यापुढे दोनच पर्याय: हेलिकॉप्टर किंवा मौन.

त्याची किंमत वर्गणीत आणि चार्जिंगमध्ये मोजावी लागते. वर्षातून दोनदा धावणारा माणूस प्लॅन बंद करून ठेवतो आणि निघताना सुरू करायला विसरतो.

फोनवरचा सॅटेलाइट एसओएस ऑस्ट्रेलियात मे 2023 पासून आयफोन 14 आणि पुढच्या मॉडेलांवर चालतो. नसण्यापेक्षा बरा. पण फोन उपग्रहाच्या दिशेने धरून ठेवावा लागतो, डोक्यावर मोकळं आकाश लागतं, आणि हात मोडलेल्या माणसाकडून ही कसरत होईल असं मला वाटत नाही. शिवाय आयफोन 0 ते 35 अंशांत वापरा असं अ‍ॅपलच सांगते. अ‍ॅलिसमध्ये जानेवारीचं सरासरी कमाल तापमानच त्याच्या वर जातं. (जानेवारीत तिथे लाँग रन करू नका, हे सांगायलाच हवं का?)

शर्यतीत आयोजक असतात, मग हे कशाला, असंही ऐकतो. सप्टेंबर 2011 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीत एका अल्ट्रामॅरेथॉनचे (मॅरेथॉनहून लांब शर्यतीचे) धावपटू वणव्यात सापडले. दोघी भयंकर भाजल्या आणि हेलिकॉप्टर पोहोचेपर्यंत कित्येक तास गेले.

तेव्हा: वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा जाणार असाल तर पीएलबी, डोळे मिटून. दर आठवड्याला एकटे बाहेर पडत असाल आणि घरी वाट पाहणारं कुणी असेल, तर मेसेंजर. दोन्ही परवडलं तर पीएलबी धावण्याच्या व्हेस्टच्या पुढच्या खिशात कायमचा राहू द्या, पाठीमागच्या पिशवीत नको. पडल्यावर हात तिथे पोहोचत नाही. फोन नकाशापुरता.

भारतात जाताना मेसेंजर इथेच कपाटात ठेवा. तिथे परवान्याशिवाय सॅटेलाइट उपकरण बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन ट्रेल धावपटूला असल्याच उपकरणापायी ताब्यात घेतलं होतं. सह्याद्रीत धावताना सोबतीला गावातला वाटाड्या घ्या.