लो की हाय?
हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या मिनी ट्रॅक्टरला क्लच-गिअरची कटकट नाही, वेग पेडलवर. लो (हळू पण जोरदार) की हाय (वेगवान पण कमी जोराची) ही रेंज तेवढी दांड्याने निवडायची. म्हणून बरेचजण हाय रेंज टाकून मोकळे होतात. गडबड होते ती लोडरने माती उचलताना किंवा चढावर: इंजिन दबतं, पंप किंचाळतो, तेल तापतं आणि चाक जागचं हलत नाही. सवयीने आपण पेडल आणखी दाबतो. खरं तर थोडं सोडलं की जोर वाढतो. तेच काम लोमध्ये चाल मुंगीची असली तरी निमूट होतं. रोटाव्हेटरलाही लोच, इंजिनचे फेरे मात्र पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला) लागतात तेवढे चढे. भरली ट्रॉली घेऊन उतरतानाही लोच. हाय सपाट रस्त्यावर रिकामं जायला, फार तर हलकं गवत कापायला. रेंज बदलायची ती पूर्ण थांबूनच; चालत्या ट्रॅक्टरचा दांडा ओढला तर गिअरचे दात करकरतात.