'आपला माणूस' म्हणून पैसे पाठवले, डब्यात निघालं एम-सील

गेल्या पावसाळ्यात गिटारसाठी घरीच रिव्हर्ब पेडल, म्हणजे आवाज घुमवणारा पायाखालचा डबा, बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. बेळगावात पाऊस एकदा लागला की उघडायचं नाव घेत नाही, बसून करणार काय. टीएल०७२ ही आवाज वाढवणारी चिप, जॅक, पॉट म्हणजे फिरवायचे नॉब, फूटस्विच सगळं जमलं, अडलं फक्त ब्रिकवर. ब्रिक म्हणजे काळा चौकोनी डबा, सहा पिना, आत पीटी२३९९ नावाच्या तीन एको चिपा, तिन्हींचा एको एकमेकांत मिसळला की देवळात वाजवल्यासारखं घुमतं. खडेबाजारात दोन दुकानं फिरलो, नाव ऐकूनच नाही म्हणाले.

मग ऑनलाइन ब्रिक विकणारा एकजण भेटला. फोनवर काय गोड मराठी, "दादा, बेळगाव म्हणजे आपलंच की!" झालं, आम्ही सीमाभागातली माणसं तिथंच पाघळतो. सीओडी विचारलं तर म्हणे "तुमच्याकडं कर्नाटकात सीओडी जात नाही." आमच्या गल्लीत रोज साड्यांपासून कुकरपर्यंत सीओडीवर येतंय, तरी मला ते पटलं! व्हिडिओ पाठवला त्यात पेडल वाजत होतं, ब्रिक कुठंच दिसत नव्हती, हे आता कळतंय. यूपीआयनं १४५० रुपये पाठवले.

नवव्या दिवशी पार्सल आलं. जोडलं, तार छेडली तर घुमणं राहिलं बाजूला, गणपतीच्या मांडवात माइकवर "हॅलो... हॅलो" येतं तसा एकच एको. पाच व्होल्टच्या लाइनवर मीटर लावला, करंट जेमतेम एका चिपेएवढा, खरी ब्रिक असती तर त्याच्या तिप्पट तरी खाल्ला असता. शेवटी हॅक्सॉ ब्लेडनं डबा कापला. आत इवलासा बोर्ड, त्यावर एकच पीटी२३९९, बाकी सगळा एम-सील, त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा सुद्धा होता.

फोन केला तर चिडला नाही हो, उलट माफी मागितली आणि रिफंडसाठी म्हणून क्यूआर पाठवला. मी स्कॅन पण केला, पिनचा रकाना आला, दोन आकडे दाबले आणि मागून भाचा ओरडला, "मामा, पैसे यायला पिन कशाला पायजे?" बघतो तर वर २९०० 'पे' लिहिलेलं. त्या पोरामुळं वाचलो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, हे मला ठाऊक होतं बघा, पण त्या वेळी डोकं कुठं जागेवर होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली, नंबर मिळालाय, पैसे नाहीत. तुम्ही कुणी असला पार्ट घेणार असला तर नुसत्या आवाजाचा व्हिडिओ घेऊ नका, तोच पार्ट मीटरला जोडून करंट दाखवायला सांगा, आणि सीओडीला नाही म्हणाला तर फोन ठेवा.

ती एक चिप मात्र खरी निघाली. सोल्डर काढून ठेवलीय, अजून दोन घेतल्या की ब्रिक आता मीच बनवणार.