डिजिटल व्हर्नियर १५० एमएम: बिननावाच्या जुन्या रेसिंग सायकलसाठी घेतला, ५ पैकी ४ स्टार

आधी निकाल सांगून टाकतो, घेऊन टाका. वीस युरोच्या आत येतो, स्टीलचा आहे, डबी बरी आहे, आणि मी ज्या कामासाठी घेतला ते काम त्याने केलं. काम जरा विचित्र होतं म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, ज्यांना फक्त बॅटरीबद्दल वाचायचंय त्यांनी सरळ खाली जा.

मी फ्रायबुर्गला असतो, ऱ्हाईन ओलांडली की पलीकडे फ्रान्स. इथल्या फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, एक जुनी रोड सायकल उचलली, वाकड्या हँडलची, स्टीलची, आणि अंगावर कुठे म्हणजे कुठेही नाव नाही. स्टिकर नाही, पुढच्या डोक्यावर बिल्ला नाही, बिल्ल्याच्या रिव्हेटची भोकंपण नाहीत, बॉटम ब्रॅकेटच्या खाली (पायडलचा दांडा फिरतो त्या डब्याखाली) नंबर असेल तर तो रंगाखाली गाडला गेलाय. कुणीतरी घरी बसून फिक्कट हिरवा-निळा रंग मारलाय, तोच तो बियांकी या इटालियन कंपनीवाला, आणि विकणारे आजोबा ठामपणे सांगत होते की इटालियन आहे. पुरावा काय तर सीटवर सेले इटालिया लिहिलंय. अहो सीट काय, दहा मिनिटांत बदलता येते!

तर मुद्दा असा की सायकलला लावलेले पार्ट बघून गाव ओळखू नका. चाळीस-पन्नास वर्षांत ब्रेक, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो), चाकं, सगळं बदललेलं असू शकतं. फ्रेममध्ये जे झाळलेलं आहे आणि जे आटे पाडलेले आहेत ते सहसा कुणी बदलत नाही, आणि गंमत म्हणजे जुन्या काळी प्रत्येक देशाचं माप वेगळं होतं. इंग्लंडवाले इंचात, फ्रेंच मेट्रिकमध्ये, इटालियन थोडं इकडचं थोडं तिकडचं. फरक कुठे ०.२ एमएम, कुठे ०.६ एमएम, टेपने काय डोंबल मोजणार. बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला जो व्हर्नियर होता ना, लीस्ट काउंट ०.०१ सेंटीमीटर, त्याने खरं तर जमलं असतं, पण डोळे आता तेव्हाचे नाहीत म्हणून डिजिटल.

पहिलं माप फ्रेमच्या पाइपचं. इंग्लिश मापाच्या फ्रेमला सीटचा पाइप आणि खालचा पाइप २८.६ एमएम, वरचा आडवा २५.४. फ्रेंच असेल तर २८.० आणि आडवा २६.०. ऐकायला सोपं आहे पण माझ्या सायकलवर रंगाचे इतके थर की पहिलं रीडिंग २८.४ आलं, म्हणजे धड इकडे ना तिकडे. मग गिअरच्या दांड्यांची पट्टी खालच्या पाइपवरून सोडवली, तिच्याखाली रंग घासला जाऊन नुसतं स्टील दिसत होतं, तिथे जबडे लावले तर २७.९८, जरा फिरवून २८.०१. आडव्यावर एका ठिकाणी रंग उडालाय तिथे २५.९९. तिथेच मी आजोबांच्या इटलीला रामराम केला, पण एका मापावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं म्हणून पुढे गेलो.

हँडलचा स्टेम बाहेर काढला. फोर्कमध्ये जाणारा त्याचा भाग सगळीकडे २२.२, फ्रेंचांचा २२.०. माझा २१.९६. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, लोक २२.२ चा स्टेम पॉलिश पेपरने घासून फ्रेंच फोर्कमध्ये बसवतात, त्यामुळे त्यावर उभे-आडवे ओरखडे आहेत का बघा. माझ्यावर नव्हते. स्टेममध्ये हँडलबार पकडला जातो ती जागा २५.० निघाली, २५.४ नाही, म्हणजे तेही फ्रेंचच.

आता खरी मजा, बॉटम ब्रॅकेट. पायडलचा दांडा फिरतो तो डबा. याचे आटे म्हणजे सायकलचा जन्मदाखला म्हणा. इंग्लिश आटे १.३७ इंच म्हणजे ३४.८ एमएम आणि इंचाला २४, फ्रेंच ३५ एमएम आणि १ एमएमची पिच (दोन आट्यांमधलं अंतर), स्विसपण ३५ आणि १, इटालियन ३६ एमएम आणि इंचाला २४. डब्याची रुंदी इटालियन ७० बाकी बहुतेक ६८, माझी ६८.१ भरली. पण कप (डब्याच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी बसणारी बेअरिंगची वाटी) बाहेर काढून मोजला तर ३४.८७, आता सांगा हा इंग्लिश की फ्रेंच? नुसत्या व्हर्नियरवर कळत नाही, आणि हे विकणारे कंपनीवाले फोटोत सांगत नाहीत. इथे उपयोगी पडली ती दिशा. चेनच्या बाजूचा कप इंग्लिश आणि स्विसला उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. फ्रेंच आणि इटालियन दोन्ही बाजूंना सुलटे. माझा कप दोन दिवस तेलात भिजवून, पान्याला पाइप लावून, शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाईल असा आवाज करून सुटला, आणि सुटला तो नेहमीसारखा, घड्याळाच्या उलट. म्हणजे इंग्लिश आणि स्विस बाद. व्यास ३६ नाही म्हणजे इटालियन बाद. उरला फ्रेंच. आट्यांची पिच मोजायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, तिचं १ एमएमचं पान लावलं तर उजेड न दिसता बसलं. ती पट्टी या व्हर्नियरसोबत येत नाही, वेगळी घ्या, स्वस्त असते.

(जाता जाता, हे सुलटे आटे चालवता चालवता आपोआप ढिले होतात, इंग्रजांनी उलटे पाडले ते उगाच नाही. तुमचीही फ्रेंच निघाली तर तो कप जीव खाऊन आवळा.)

बाकीचं पटापट. पायडलचा स्क्रू १३.९ म्हणजे फ्रेंच १४ एमएम, इंग्लिश ९/१६ इंच असता तर १४.३ च्या जवळ आला असता. ग्रीस पुसल्यावर दांड्याच्या टोकाला एकावर डी आणि दुसऱ्यावर जी अक्षर दिसलं, द्रुआत आणि गोश, उजवं आणि डावं. इटालियन असती तर डी आणि एस. मागच्या चाकाच्या खाचेत डिरेलर लावायचं भोक आहे त्याला आटेच नाहीत आणि मागे अडकायचा दातही नाही, ही सिम्प्लेक्सची पद्धत, दिजोंची कंपनी. हे फ्रेमला झाळलेलं असतं त्यामुळे मला याचं वजन जास्त वाटतं. ब्रेक माफाकचे आहेत, क्लेरमों-फेराँचे, पण ते पार्ट आहेत म्हणून मी पुराव्यात धरत नाही. मागच्या खाचांमधलं अंतर १२० आणि वर थोडं, म्हणजे पाच चकत्यांचा जमाना, पुढे सहा-सात चकत्या आल्यावर ते १२६ झालं. केबलच्या, गिअरच्या सगळ्या पट्ट्या आवळलेल्या, झाळलेलं काही नाही, बाटलीच्या स्टँडला भोकं नाहीत. साठचं दशक संपताना किंवा सत्तरचं, याहून बारीक मी सांगणार नाही.

आणि सीटचा दांडा! यावरच माझी सगळी आशा होती. रेनॉल्ड्स ५३१ या चांगल्या, भारी स्टील पाइपची फ्रेंच फ्रेम असेल तर २६.४ च्या आसपासचा दांडा बसतो कारण पाइपची भिंत पातळ असते. माझा २४.०. जाड भिंतीचं साधं स्टील, खजिना वगैरे काही नाही. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या यूओ-८ या साध्या मॉडेललाही २४ चाच दांडा लागतो, पण तेवढ्यावर मी प्यूजोचं स्टिकर चिकटवणार नाही. दुसरी फ्रेंच कंपनी मोटोबेकान, तिथले लोक बऱ्याचदा स्विस आटे वापरायचे म्हणून ते जरा मागे पडतात. जितान आहे, मर्सिए आहे, याही फ्रेंचच कंपन्या, शिवाय गल्लीबोळातले बरेच दुकानदार तेच पाइप आणून आपापल्या नावाने फ्रेमा विकायचे. व्हर्नियर देश सांगतो, बापाचं नाव नाही सांगत. नाव पाहिजे असेल तर रंग काढून नंबर शोधावा लागेल, आणि मला तो बेकार रंग आता आवडायला लागलाय.

आता वस्तूबद्दल. डिस्प्ले ०.०१ दाखवतो पण तेवढा अचूक नाही, दोन-तीन शतांश इकडे तिकडे धरून चाला, सायकलला चालतं. आतून मोजायचे वरचे जबडे छोट्या भोकात किंचित कमी दाखवतात, त्यामुळे पाइपच्या आतलं माप घेण्यापेक्षा त्यात बसणारी वस्तू बाहेरून मोजा. झिरोचं बटण भलत्या जागी आहे, अंगठा लागला की माप गेलं, प्रत्येक वेळी जबडे मिटवून शून्य बघायची सवय लावा. बंद केला तरी बॅटरी खातो, मी आता काढूनच ठेवतो, एक स्टार त्याचाच गेला. १०० एमएमचा छोटा घेऊ नका, मागचं १२० चं माप त्यात बसत नाही. प्लॅस्टिकचा तर अजिबातच नको, जबडे वाकतात. मितुतोयो हा नामी जपानी ब्रँड परवडत असेल तर प्रश्नच नाही, पण कितीतरी पट किंमत आहे आणि आपण काही भोसरीत इंजिनचे पार्ट बनवत नाही.

अजून एक, क्रँक (पायडल ज्याला लागतं तो हात) काढायच्या आधी त्याच्या तोंडाचे आटे मोजा. तो ओढून काढायचा स्टँडर्ड पुलर २२ एमएमचा असतो, स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीच्या जुन्या क्रँकला २३.३५ आणि टीए या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या क्रँकला २३ लागतो. माझा २३.३ भरला म्हणून तो वेगळा पुलर मागवलाय, आल्यावर त्याचा रिव्ह्यू टाकतो.